संध्याकाळी उडताना दिसलेलं वटवाघूळ कुठलं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोकांचे प्रश्न बहुतेक एका ओळीचे असतात: "काल अंधार पडताना काहीतरी काळं फडफडत गेलं, कुठलं वटवाघूळ असेल?" आणि सोबत काळा ठिपका असलेला एक फोटो. एवढ्यावरून कुणालाच नाव सांगता येत नाही. पण नेमकं काय बघायचं हे माहीत असेल तर त्याच दहा सेकंदांतून बरंच हाताला लागतं. परत परत येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत, सोपे आधी आणि किचकट नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात परत लिहिलेली नाही, तिथे फक्त प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. ते वटवाघूळच होतं की पक्षी, हे आधी कसं ठरवू?

तिन्हीसांजेला थोडा वेळ दोघंही आकाशात असतात म्हणून घोळ होतो. सगळ्यात जास्त फसवते ती पाकोळी. पण पाकोळी पंख ताठ धरून मध्येमध्ये तरंगते, फडफड, मग सरळ एक झोका, परत फडफड. छोटं वटवाघूळ पंख मारायचं जवळजवळ थांबतच नाही, आणि त्याची वाट सारखी तुटते, अचानक खाली, अचानक बाजूला, कारण तेवढ्यात त्याने एखादा किडा धरलेला असतो. भिंगरीची शेपूट दुभंगलेली दिसते, वटवाघळाच्या मागे असं काही दिसत नाही. चोच नाही, मानही जवळपास नाही, डोकं थेट अंगातच बसवल्यासारखं दिसतं. पंखाची मागची कड उजेडाच्या बाजूला दिसली तर बघा, ती पिसांची सरळ कड नसते, बोटांच्या हाडांमधलं कातडं ताणल्यामुळे कमानी कमानी दिसतात.

रातवा असेल तर शेपूट लांब असते आणि तो मधूनच न फडफडता तरंगतो, बऱ्याच नरांच्या पंखांवर पांढरे ठिपकेही चमकतात. मोठे पतंग दिव्यालाच चिकटून फिरत राहतात, वटवाघूळ दिव्याच्या उजेडातून कापत जातं आणि परत येतं. मोठ्या आकाराचं काही असेल तर थेट प्रश्न ५ बघा.

२. नुसतं बघून जात सांगता येते का?

बहुतेक वेळा नाही. हे पहिल्यांदाच स्पष्ट सांगितलेलं बरं. जगात वटवाघळांच्या १,४०० पेक्षा जास्त जाती आहेत आणि त्यातल्या कितीतरी हातात धरूनसुद्धा पटकन ओळखता येत नाहीत (प्रश्न १७), मग अर्ध्या अंधारात वीस फुटांवरून काय ओळखणार. काही अपवाद आहेत, फ्लाइंग फॉक्ससारखी फळं खाणारी मोठी वटवाघळं, जिथे त्या भागात तेवढ्या आकाराची दुसरी जातच नसते.

पण गट मात्र ओळखता येतो, आणि तो नीट ओळखणं हे चुकीचं नाव ठोकून देण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचं आहे. "पिपिस्ट्रेलसारखं छोटं, दिव्याभोवती" ही चांगली नोंद आहे (पिपिस्ट्रेल म्हणजे अगदी छोट्या वटवाघळांचा एक गट, प्रश्न ७). पुस्तकातल्या चित्राशी जुळतंय असं वाटलं म्हणून पूर्ण शास्त्रीय नाव लिहिणं ही वाईट नोंद, कारण पुढे कुणीतरी तिच्यावर विश्वास ठेवून नकाशात ठिपका टाकतो.

३. मग बघायचं काय? रंग तर काही दिसतच नाही.

रंग सोडूनच द्या. मागे उजेड असताना सगळंच काळं दिसतं आणि टॉर्च मारली की सगळंच करड्या-तपकिरी छटेत जातं.

पहिली गोष्ट वेळ: सूर्यास्तानंतर किती मिनिटांनी दिसलं. घड्याळातली वेळ लिहून उपयोग नाही, ती ऋतूप्रमाणे सरकते, सूर्यास्तापासूनचं अंतर लिहा. दुसरी उंची: गुडघ्याएवढी, डोक्यावर, झाडाच्या शेंड्याएवढी, का त्याच्याही बरंच वर. तिसरी वाट: सरळ रेषेत कुठेतरी चाललंय, का एकाच जागी गिरक्या घेतंय, का झाडाच्या कडेने येरझाऱ्या मारतंय. चौथी जागा: पाणी, दिवा, फळाला आलेलं झाड, मोकळं मैदान, दाट झाडी.

मग पंखाचा आकार, आणि यात थोडं डोकं लावलं की मजा येते. लांब आणि अरुंद पंख म्हणजे वेग, अशी वटवाघळं मोकळ्या आकाशात उंचावर शिकार करतात आणि त्यांना पटकन वळता येत नाही. आखूड, रुंद पंख म्हणजे वेग कमी पण फांद्यांमधून वळत जाता येतं. त्यामुळे पंख नीट दिसले नाहीत तरी ते कुठे उडतंय यावरून पंखाचा अंदाज येतो आणि पंखावरून जागेचा, दोन्ही एकमेकांना ताडून बघता येतात.

आकार सगळ्यात शेवटी, कारण तोच सगळ्यात जास्त फसवतो. रिकाम्या आकाशात मोजायला बाजूला काहीच नसतं, जवळचं छोटं आणि लांबचं मोठं डोळ्याला सारखंच दिसतं. ते एखाद्या फांदीच्या किंवा खांबाच्या अगदी जवळून गेलं तर त्या क्षणी अंदाज घ्या. नाहीतर पंखांची लय बघा: मोठं वटवाघूळ सावकाश पंख मारतं, मोजता येतील एवढे सावकाश, आणि छोट्याचे पंख नुसते धूसर दिसतात. लय अंतरामुळे बदलत नाही.

४. छोटी आणि मोठी एकत्र दिसली, म्हणजे छोटी ती पिल्लं का?

नाही. पिल्लू उडायला लागतं तेव्हाच ते जवळपास मोठ्याएवढं झालेलं असतं. अर्ध्या आकाराचं वटवाघूळ दिसलं तर ती दुसरी जात. एक अपवाद लक्षात ठेवा, फ्लाइंग फॉक्सची मादी सुरुवातीचे काही आठवडे पिल्लाला पोटाला घेऊन उडते, तेव्हा तिचं पोट विचित्र फुगलेलं दिसतं.

५. कावळ्याहून मोठं, संथ पंख मारत सरळ रेषेत गेलं, मागून आणखी बरीच आली. काय होतं?

फ्लाइंग फॉक्स असण्याची शक्यता खूप. भारतीय उपखंडात दिसणाऱ्या इंडियन फ्लाइंग फॉक्सचा पंखविस्तार एक मीटरच्या वर जातो आणि वजन दीड किलोच्या आसपास पोचू शकतं. ही दिवसभर उघड्यावर मोठ्या झाडांना लटकून असतात आणि सूर्यास्तानंतर एकामागून एक निघतात, थवा म्हणण्यापेक्षा ओघ म्हणावा असं. सगळ्यांची दिशा साधारण एक, कुणी वळत नाही, कुणी सूर मारत नाही, कारण ती शिकार करत नाहीयेत, फळाफुलांच्या झाडाकडे चालली आहेत.

डोक्यावरून गेलं तर पंखाच्या कातड्यातून आकाश थोडं आरपार दिसतं आणि त्यात बोटांची हाडं गडद रेघांसारखी उठून दिसतात. तोंड पुढे आलेलं, कान छोटे आणि टोकदार, मागे शेपूट नाही.

घोळ होतो तो रातबगळ्याशी, तोही याच वेळी बाहेर पडतो. रातबगळ्याचे पाय शेपटीच्या मागे आलेले दिसतात, पंख भरीव दिसतात आणि तो उडताउडता एक घोगरा "वाक" असा आवाज काढतो. एवढं पुरतं.

याच वटवाघळांबद्दल आणखी एक प्रश्न येतो की ही नदीवर आपटतात का. आपटत नाहीत, पाण्यावरून जाताना पोट बुडवतात आणि मग केसांमधलं पाणी चाटून पितात.

६. तेवढं मोठं नाही पण छोटंही नाही, फळाच्या झाडात शिरतं आणि लगेच बाहेर पडतं?

मध्यम आकाराची फळं खाणारी वटवाघळं. उपखंडात दोन नावं जास्त समोर येतात, शॉर्ट-नोज्ड फ्रूट बॅट आणि फुल्व्हस फ्रूट बॅट, म्हणजे रूसेटस. दोघंही झाडात बसून निवांत खाण्यापेक्षा फळ तोडून दुसऱ्या जागी नेतात, म्हणून ती सारखी आत-बाहेर दिसतात. सकाळी भलत्याच झाडाखाली चघळून टाकलेला चोथा आणि बिया पडलेल्या असतात, त्यावरून कुठे बसून खातात ते कळतं.

उडताना दोघांत फरक करणं अवघड आहे. जवळून चांगला फोटो मिळाला तर शॉर्ट-नोज्डच्या कानाची कड पांढुरकी असते आणि पंखातली बोटंही फिकट दिसतात. राहण्याची जागा माहीत असेल तर काम सोपं होतं: रूसेटस गुहा, पडक्या इमारती, बोगदे अशा अंधाऱ्या जागी मोठ्या संख्येने राहतं, शॉर्ट-नोज्ड ताडामाडाच्या पानांत छोटे गट करून. रूसेटस जिभेने टकटक आवाज काढून अंधारात वाट काढतं, फ्लाइंग फॉक्सला हे येत नाही, ती डोळ्यांवर आणि वासावर चालतात.

७. रस्त्याच्या दिव्याखाली रोज एकच छोटं वटवाघूळ गोल गोल फिरतं. ते कुठलं?

जगात कुठेही हा प्रश्न विचारला तर पहिला अंदाज पिपिस्ट्रेल किंवा त्यांच्या जवळचं कुणी. वजन पाच ग्रॅमच्या आसपास, पंखविस्तार वीसेक सेंटिमीटर, घराच्या फटीत, छपराखाली, पाटीच्या मागे कुठेही मावतं.

नीट एक फेरी बघा. ते दिव्याच्या गोलाच्या बाहेरून येतं, कड कापतं, मध्येच एक झटका देऊन आडवं होतं, शेपटीकडचं कातडं पुढे वळवतं आणि त्यात किडा अडकवून तोंड तिकडे नेतं, हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आत, आणि मग परत त्याच वाटेवर. तो झटका म्हणजेच तुम्हाला दिसणारी "वेडीवाकडी" उड्डाणं. ते गोंधळलेलं नसतं, जेवत असतं.

"रोज एकच" हे मात्र गृहीत धरू नका. जागा चांगली असेल तर एक जातं आणि दुसरं येतं. आणि दिव्याखालचं सगळं पिपिस्ट्रेलच असतं असंही नाही, उपखंडात यलो हाउस बॅट नावाचा त्याहून बराच मोठा गडी पण दिव्यांवर येतो, तो जास्त सरळ आणि जोरात उडतो, गिरक्या मोठ्या घेतो. दोघं एकाच दिव्यावर आले की फरक लगेच कळतो, एकटं असताना कळत नाही.

उलट बाजूही आहे, हॉर्सशू बॅटसारखी कितीतरी वटवाघळं उजेड टाळतात. फक्त दिव्याखाली बघत राहिलात तर तुमच्या भागात पिपिस्ट्रेलशिवाय दुसरं काही नाही असंच वाटणार.

८. खूप उंचावरून, जवळजवळ सरळ आणि भयंकर वेगात जाणारी?

लांब अरुंद पंखांची मंडळी. उष्ण प्रदेशात टूम्ब बॅट आणि फ्री-टेल्ड बॅट, युरोपात नॉक्ट्यूल. शेपटीवरून यांच्यात फरक आहे, फ्री-टेल्डची शेपूट कातड्याच्या बाहेर मोकळी येते, टूम्ब बॅटची शेपूट कातड्याच्या वरच्या बाजूने निघते, पण हे उडताना दिसेल ही अपेक्षा ठेवू नका. नॉक्ट्यूल उंचावरून जाताजाता एकदम तिरका सूर मारतो, ती त्याची चांगली खूण.

कोरड्या, खडकाळ भागात माउस-टेल्ड बॅट असते, तिची शेपूट खरंच उंदरासारखी लांब आणि सुटी. ती फडफडत वर चढते, मग तरंगत खाली येते, परत चढते, असं लाटेसारखं उडते. प्रश्न १ मध्ये "वटवाघूळ तरंगत नाही" असा जो ढोबळ नियम झाला त्याला हा अपवाद.

९. पाण्याला चिकटून, इंचभर वरून जाणारं?

आधी हे ठरवा की ते पाणी पितंय का शिकार करतंय. पाणी कुठलंही वटवाघूळ उडताउडता पितं, एकदोनदा खाली येऊन निघून जातं. पण जे अर्धा तास त्याच पाण्यावर एकाच उंचीवरून फिरतंय ते पाण्यावरून किडे उचलणारं. युरोप आणि आशियाच्या बऱ्याच भागात हे काम डॉबेंटन्स बॅट करतं, मोठ्या पायांनी पृष्ठभागावरचे किडे उचलतं. ते आणि त्याचे भाऊबंद मायोटिस या गटातले. दक्षिण आणि मध्य अमेरिकेत बुलडॉग बॅट तर चक्क मासे पकडतं. लाटा असलेलं किंवा शेवाळाने झाकलेलं पाणी यांना आवडत नाही, संथ पाणी शोधा.

१०. जमिनीपासून हातभर उंचीवर हळूहळू उडत होतं आणि व्हरांड्यात लटकून काहीतरी खात होतं!

मोठे, कपाळावर एकमेकांना जोडलेले कान असतील आणि शेपूट दिसत नसेल तर फॉल्स व्हँपायर. नावात व्हँपायर असलं तरी रक्त पीत नाही, रक्त पिणाऱ्या जगात फक्त तीन जाती आहेत आणि तिन्ही मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंतच्या पट्ट्यात. उपखंडातलं ग्रेटर फॉल्स व्हँपायर मोठे किडे, बेडूक, पाली, उंदीर, छोटे पक्षी सगळं खातं, आणि शिकार हळूच सरपटणाऱ्या आवाजावरून शोधतं. खाण्याची जागा ठरलेली असते, सकाळी तिथे खाली पतंगांचे पंख, बेडकाचे पाय असं पडलेलं दिसेल. तो कचरा झाडून टाकण्याआधी फोटो काढा, उडतानाच्या दहा फोटोंपेक्षा तो जास्त सांगतो.

११. सूर्य मावळायच्या आधीच दिसलं. आजारी असेल का?

लगेच तसं समजू नका. वेगात आणि उंच उडणारी वटवाघळं लवकर निघतात, नॉक्ट्यूल तर कधीकधी सूर्यास्ताआधीच. डास-माश्यांसारखे छोटे किडे संधिप्रकाशात जास्त असतात, आणि ते खाणाऱ्याला उशीर परवडत नाही. पण त्याच वेळी ससाणे, शिक्रे जागे असतात, त्यामुळे हळू उडणारी वटवाघळं पूर्ण अंधार पडेपर्यंत थांबतात. म्हणजे लवकर निघणं हा जुगार आहे आणि तो ज्याला जोरात उडता येतं तोच खेळतो. दूध पाजणाऱ्या माद्या, किंवा दोन दिवस पावसामुळे उपाशी राहिलेली वटवाघळंही लवकर निघू शकतात.

भर दुपारी उडताना दिसलं तर बहुधा त्याच्या जागेवर कुणीतरी त्रास दिलाय. जमिनीवर पडलेलं असेल तर प्रश्न २० आधी वाचा.

१२. कुठे आणि कधी उभं राहायचं?

सूर्यास्ताच्या पंधरा मिनिटं आधी पोचा, तासभर थांबा. पश्चिमेकडे तोंड करून, म्हणजे उरलेला उजेड मागे पडद्यासारखा मिळतो. झाडांची रांग, पाण्याचा काठ, जंगलाची कड या जागा चांगल्या, वटवाघळं अशा कडा धरून ये-जा करतात. जोराचा वारा, पाऊस आणि थंडी असेल तर घरीच बसा, किडे नाहीत म्हणजे वटवाघळंही कमी.

एक गोष्ट फार कमी लोक करतात: पहाटे जा. परत येताना बऱ्याच जाती आपल्या फटीसमोर वारंवार घिरट्या घालतात, मग आत जातात. संध्याकाळी एका क्षणात सुटून गेलेली जागा पहाटे सहज सापडते. जागा सापडली की तिथे टॉर्च मारू नका, लांबून बघा.

१३. मला त्यांचा आवाज ऐकू येतो. मग तो माणसाला ऐकू येत नाही असं का म्हणतात?

दोन वेगळे आवाज आहेत. वाट शोधायला काढलेला आवाज बहुतेक जातींचा २० किलोहर्ट्झच्या वर असतो, तो आपल्याला ऐकू येत नाही. आपसातली भांडणं, पिल्लांना हाका, हे मात्र बरेचदा ऐकू येतं, फळांच्या झाडावरची कलकल ही तीच.

शिवाय काही फ्री-टेल्ड जातींचा वाट शोधायचा आवाजच एवढा खालचा असतो की तो ऐकू येतो, युरोपियन फ्री-टेल्डचा साधारण १० ते १४ किलोहर्ट्झ, स्पष्ट टिक टिक. वयानुसार वरचे आवाज ऐकू येणं कमी होतं, त्यामुळे सोबतच्या लहान मुलाला ऐकू आलं आणि तुम्हाला नाही तर ते मूल खोटं बोलत नाहीये. स्पालान्झानी या इटालियन शास्त्रज्ञाने १७९० च्या दशकात आंधळी वटवाघळंही व्यवस्थित उडतात हे दाखवलं होतं, पण कारण पक्कं कळायला डोनाल्ड ग्रिफिन या अमेरिकन संशोधकाने १९३८ मध्ये यंत्रावर तो आवाज पकडेपर्यंत थांबावं लागलं.

१४. मोबाईलवर रेकॉर्ड होईल का?

साध्या रेकॉर्डिंगमध्ये नाही. मोबाईल सेकंदाला साधारण ४४,१०० किंवा ४८,००० नमुने घेतो आणि त्याच्या निम्म्यापर्यंतचाच आवाज पकडता येतो, म्हणजे २२-२४ किलोहर्ट्झ, तेही माइकने साथ दिली तर. मोबाईलला लावायचे वेगळे अल्ट्रासॉनिक माइक मिळतात, ते चालतात. घेताना सॅम्पलिंग, म्हणजे सेकंदाला घेतलेले नमुने, २५६ किंवा ३८४ किलोहर्ट्झ आहे का बघा.

१५. बॅट डिटेक्टर घेतला. आकडा बघून नाव सांगता येईल ना?

थोडं. हेटरोडाइन डिटेक्टरवर, म्हणजे ऐकू न येणारा आवाज ऐकू येईल एवढा खाली आणणाऱ्या यंत्रावर, किलोहर्ट्झची चकती फिरवत जिथे आवाज सगळ्यात ठळक आणि जड येतो तो आकडा घ्या. पिपिस्ट्रेलचा तिथे ओला, थपथप असा आवाज येतो, मायोटिसचा कोरडा, एकसुरी कडकड, आणि त्याला ठळक अशी एक जागाच सापडत नाही. हॉर्सशू आणि लीफ-नोज्ड बॅट एकाच सुरावर धरून ठेवतात, त्यामुळे डिटेक्टरवर लांब, थरथरती शीळ येते, हा गट तर डोळे मिटून ओळखता येतो. ग्रेटर हॉर्सशू ८० च्या थोडं वर, लेसर हॉर्सशू ११० च्या आसपास.

मग येतो तो घाईघाईचा आवाज, टप टप टप करताकरता एकदम जोडला जाऊन झर्र होतो आणि तुटतो. तो किडा पकडण्याचा क्षण. तो जातीची खूण नाही, पण त्या जागी शिकार चाललीये हे नक्की कळतं, नोंदीत लिहा.

आकडा का फसवतो तर तेच वटवाघूळ मोकळ्यात खालच्या सुरात, लांब आवाज काढतं आणि फांद्यांजवळ आलं की आखूड, वरच्या सुरात. म्हणून आकड्याबरोबर जागाही लिहा.

१६. आवाजावरून जात ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने ९४ टक्के म्हणून नाव दिलं. आता तरी पक्कं?

नाही. तो टक्का म्हणजे "हे उत्तर बरोबर असण्याची शक्यता" नव्हे. सॉफ्टवेअरला जेवढ्या जाती शिकवल्यात त्यांतलीच एक निवडायची असते, तो टक्का फक्त त्या यादीतली जवळची कुठली ते सांगतो. यादी युरोपची असेल आणि वटवाघूळ आशियातलं, तर ते बिनधास्त युरोपातलं नाव देईल आणि टक्काही भरघोस देईल. रातकिड्यांचे आवाज, किल्ल्यांचा खुळखुळाट यांनाही नाव मिळालेलं आहे. आधी सेटिंगमध्ये प्रदेश बरोबर आहे का बघा, मग स्वतः आवाजाचं चित्र उघडून बघा, एकाच टिकटिकीवर नाव ठरलंय का सलग दहा-पंधरावर. सॉफ्टवेअर ढीग चाळायला उत्तम आहे. त्या ढिगातलं एखादं दुर्मिळ नाव मात्र माणसाने तपासल्याशिवाय कुणाला सांगूच नका.

१७. दोन जाती अगदी सारख्या असतील तर तज्ज्ञ तरी कसं ठरवतात?

परवाना घेऊन, जाळ्यात पकडून. पुढच्या हाताच्या हाडाची लांबी मिलिमीटरमध्ये, दात, कानातली छोटी पाळी, आणि काही पिपिस्ट्रेलच्या बाबतीत नराच्या लिंगातल्या हाडाचा आकार. ते पण पुरलं नाही तर डीएनए.

युरोपातलं उदाहरण बघण्यासारखं आहे. कॉमन पिपिस्ट्रेल ही एकच जात समजली जायची, मग १९९० च्या दशकात आवाज मोजताना दिसलं की काहींचा ठळक सूर ४५ किलोहर्ट्झच्या आसपास आहे आणि काहींचा ५५. डीएनएनेही तेच सांगितलं, या दोन जाती आहेत. आज दुसरीला सोप्रानो पिपिस्ट्रेल म्हणतात. घरांच्या छपरात राहणारं, सगळ्यांच्या रोजच्या पाहण्यातलं वटवाघूळ, आणि त्यात दोन जाती लपल्या होत्या. ५० वर आलेला आवाज मात्र आजही "दोघांपैकी एक" असाच लिहायचा.

१८. फोटो काढायचा तर कसा?

फोटोपेक्षा व्हिडिओ. मोबाईलच्या स्लो-मोशनने उजेड असलेल्या आकाशाकडे धरून ठेवा, त्यात पंखाचा आकार आणि लय दोन्ही येतात. कॅमेरा असेल तर शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा वेगात ठेवा, फोटो काळपट आला तरी चालेल, बाह्याकृती स्वच्छ हवी. राहण्याच्या जागेच्या तोंडाशी फ्लॅश नको.

१९. जमलेलं उत्तर नकाशात बसत नाही, तिथे ती जातच नाही म्हणतात. मी चुकलो की नकाशा?

पैज लावायची तर तुमच्या ओळखीविरुद्ध लावेन, पण नकाशेही चुकतात. राउटन्स फ्री-टेल्ड बॅट बरीच वर्षं बेळगावजवळच्या बारापेडे गुहेतलंच समजलं जायचं, नंतर ते मेघालयात आणि थेट कंबोडियात सापडलं. आणि काही जाती स्थलांतर करतात, नॅथुसियस पिपिस्ट्रेल हे जेमतेम आठ-दहा ग्रॅमचं वटवाघूळ दोन हजार किलोमीटरपेक्षा जास्त जाऊ शकतं, मग ते भलत्या जागी, समुद्रातल्या जहाजावरसुद्धा दिसतं. अशी नोंद फेकून देऊ नका, पण पुरावा नसेल तर "शक्यता" म्हणूनच ठेवा.

२०. जमिनीवर पडलंय किंवा घरात शिरलंय, हातात घेऊन ओळखू का?

उघड्या हाताने कधीच नाही. वटवाघळांमधून रेबीज आणि त्याच्या कुळातले विषाणू येऊ शकतात, आणि छोट्या वटवाघळाचा चावा एवढा बारीक असतो की दिसतही नाही. चावलं, ओरखडलं किंवा तशी शंका जरी आली तरी साबण आणि पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, "बघू उद्या" करू नका.

घरात शिरलं असेल तर खोलीचा आतला दरवाजा बंद, खिडक्या सताड उघड्या, दिवे बंद, आणि तुम्ही बाहेर. बहुतेक वेळा आपण होऊन निघून जातं. जमिनीवर असेल तर जाड हातमोजा किंवा कापड वापरून खोक्यात ठेवा, आणि वन्यजीवांवर काम करणाऱ्यांना बोलवा. फोटो लांबून काढा: चेहरा, कान, शेपूट, आणि बाजूला मापासाठी पट्टी.

२१. फुलपाखरासारखं हळू, भिरभिरत उडणारं काहीतरी होतं, पण वर दिलेल्या कशातच बसत नाही.

दाट झाडीत पानांवरून किडे टिपणारी काही छोटी वटवाघळं खरंच असं उडतात. पेंटेड बॅट हे त्यातलं सगळ्यात देखणं, नारिंगी अंग आणि काळे-नारिंगी पंख, दिवसा ते केळीच्या वाळक्या पानांत लपतं. उडताना दिसणं दुर्मिळ, पण भिरभिर बघून पतंग समजून सोडून दिलेली अशी बरीच असणार.

२२. एकच वटवाघूळ दोन वेळा दोन प्रकारे उडालं. आधी सरळ उंचावरून, मग झाडाभोवती गिरक्या. आता कुठल्या गटात टाकू?

दुसऱ्या. उंची आणि वाटेवरचे वरचे सगळे अंदाज शिकार करतानाच्या उडण्यावर आहेत. राहण्याच्या जागेवरून निघाल्यावर पिपिस्ट्रेलसुद्धा सरळ आणि भरभर जातं. शिकारीची जागा आली की त्याचं खरं वागणं सुरू होतं. म्हणून सूर्यास्तानंतर पहिल्या दहा मिनिटांत एकाच दिशेने गेलेलं काही दिसलं तर "प्रवासात" एवढं लिहा, गट रिकामा सोडा, आणि ते ज्या दिशेला गेलं तिकडे दुसऱ्या दिवशी उभे राहा.